फाईली सोडवणारी बाई

परतूरला आमचं ऑफिस मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर, खताच्या एका दुकानाच्या माडीवर आहे. बियाण्याच्या कंपनीची ती छोटी शाखा. शेतकऱ्यांना बीजोत्पादनाचे प्लॉट द्यायचे, फिल्डवरच्या लोकांनी त्यांची पाहणी करायची आणि त्या पाहणीची माहिती आम्ही हेड ऑफिसला कळवायची, असं आमचं काम. फिल्डवरची माणसं दिवसभर शिवारात असायची. ऑफिसात आम्ही दोघंच, साहेब आणि मी. लग्न होऊन मी परतूरला आले तेव्हा माझं बी.कॉम. झालेलं होतं आणि दोन्ही हातांनी टायपिंग येत होतं. एवढ्या भांडवलावर मला ती नोकरी लागली.

साहेब भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. पन्नाशीचे, उंचेपुरे, आणि आवाज असा की फोन नसता तरी हेड ऑफिसला ऐकू गेला असता. शनिवारी गावाकडं जायचे आणि सोमवारी येताना पिशवीभर हिरव्या मिरच्या आणायचे. त्यातल्या निम्म्या माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "घ्या मॅडम, तुमच्याकडच्या मिरच्यांना काही तिखटपणा न्हाई." पिकाच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कंप्युटरशी मात्र त्यांचं वागणं नव्या सोयऱ्याशी वागावं तसं होतं. मान द्यायचा, पण भरवसा ठेवायचा नाही.

एका वर्षी खरिपाच्या तोंडावर हेड ऑफिसनं सगळ्या शाखांचा मेल प्रोग्राम बदलला. दिसायला नवा फार देखणा होता. डाव्या बाजूला खाने, उजव्या बाजूला पत्रं, वर निळी पट्टी. मला आवडला. त्याच आठवड्यात प्लॉटच्या पाहणीसाठी एक नवा प्रोग्राम मेलनं येणार होता. तो कंप्युटरवर बसवायचा आणि त्यातच माहिती भरायची, असा आदेश होता. मेल आलं. समोर अटॅचमेंटची क्लिपही दिसत होती. मी साहेबांना बोलावलं, कारण अशा गोष्टी त्यांच्यासमोर उघडलेल्या त्यांना आवडायच्या.

मेल उघडलं तर आत फाईलच नव्हती. वर एक करडी पट्टी होती, तिच्यावर फाईलचं नाव आणि इंग्रजीत एक वाक्य. त्याचा अर्थ असा, की ही अटॅचमेंट धोक्याची असू शकते, म्हणून ती अडवली आहे.

"धोक्याची?" साहेब म्हणाले. "आपल्याच हेड ऑफिसनं पाठवली ना? मंग धोका कोणाला, आपल्याला का त्यांना?"

"मला काय माहीत साहेब. नाव दिसतंय, पण उघडत नाही."

"दाबून पाहा."

"दाबलं."

"जोरानं दाबा."

मी जोरानं दाबलं. काही झालं नाही. मग आम्ही हेड ऑफिसला लिहिलं की फाईल मिळाली नाही, कृपया परत पाठवा. त्यांनी परत पाठवली. पुन्हा तीच क्लिप आणि तीच करडी पट्टी. साहेब हात मागं बांधून फेऱ्या मारू लागले. "एसटीच्या पार्सलात असंच होतं," ते म्हणाले. "डबा येतो, लाडू येत न्हाईत. वाटंत कोणीतरी काढून घेऊन राह्यलंय."

शेवटी मी हेड ऑफिसच्या कंप्युटर विभागाला फोन लावला. तिकडून एक तरुण आवाज आला, शांत, पुस्तकी मराठी बोलणारा. हा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, पण त्याचा आवाज मी आता बाजारातसुद्धा ओळखीन. मी सगळं सांगितलं. साहेबांनी खूण केली म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, फाईल कुठं गेलेली नाही," तो म्हणाला. "तुमच्या मेल प्रोग्रामनंच ती अडवून ठेवली आहे. प्रत्येक फाईलच्या नावामागं एक शेपूट असतं, टिंब आणि पुढं तीन-चार अक्षरं. ज्या फाईली उघडल्याबरोबर आपण होऊन काम सुरू करू शकतात, त्यांची शेपटं या प्रोग्रामला पाठ आहेत. दारावरच्या वॉचमनसारखं समजा. असं शेपूट दिसलं की तो फाईल आत सोडत नाही."

"फाईल चांगली आहे का वाईट, ते पाहत न्हाई का तो?" साहेबांनी मध्येच विचारलं.

"नाही सर. नुसतं शेपूट बघतो."

"म्हणजे माणूस न पाहता आडनावावरून ठरवणं झालं की हे!"

तो तिकडून मोकळेपणानं हसला. "तसंच म्हणा सर. पण व्हायरस याच रस्त्यानं येतात, म्हणून त्याला तसं वागावं लागतं."

त्यानं उपाय सांगितला. फाईली सगळ्यांनी मिळून ठेवायची एक सामायिक जागा कंपनी तयार करत होती, पण ती आमच्या शाखेपर्यंत अजून पोचली नव्हती. तोवर तो त्याच्या बाजूला फाईलचं शेपूट बदलून साध्या मजकुराच्या फाईलचं लावणार आणि आम्ही इकडं खरं शेपूट परत जोडायचं. "पण हे फक्त मी पाठवलेल्या फाईलला," त्यानं बजावलं. "अनोळखी माणसाच्या फाईलच्या शेपटाला हात लावायचा नाही."

फाईल आली. या वेळी वॉचमननं तिला गुमान आत सोडलं. मी नाव बदललं, शेवटी खरं शेपूट टाइप केलं आणि उघडली. पडद्यावर चौकोन, टिंबं, उलटीसुलटी चिन्हं, असं पानच्या पान भरून आलं. साहेबांनी चष्मा लावला आणि पहिल्या दोन ओळी मन लावून वाचल्या.

"ही कोणती भाषा?"

मी परत फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या कंप्युटरनं खरं शेपूट झाकून ठेवलंय. तुम्ही नवं लावलंत, पण मागं जुनं तसंच आहे. फाईलला आता दोन शेपटं झालीत." कुठं जायचं, कशावर टिचकी मारायची, ते त्यानं सांगितलं. तसं केल्याबरोबर पडद्यावरच्या सगळ्या फाईलींची शेपटं एकदम दिसायला लागली, जणू पदराआडून निघाली. आमच्या फाईलचं जादा शेपूट मी पुसलं. प्रोग्राम उघडला. हिरव्या रंगाची चौकट आली, तिच्यात परतूर शाखेचं नाव होतं.

साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी खालून गरम भजी मागवली आणि तळलेल्या मिरच्या वेगळ्या सांगितल्या. फोनवरच्या माणसाला ओरडून म्हणाले, "एकदा परतूरला या, धावड्याच्या मिरच्या खाऊ घालतो!" तो म्हणाला, "येतो सर." तो काही आला नाही, पण त्यानंतर माझा फोन त्यानं कधी टाळला नाही.

घरी संध्याकाळी जेवताना मी ही सगळी गोष्ट रंगवून सांगितली. नवरा हसला. सासूबाईंनी पूर्ण ऐकली, पण त्यांच्या लक्षात एकच गोष्ट राहिली, आपली सून अडकलेल्या फाईली सोडवते. सोमवारी त्या महादेवाच्या देवळात भजनाला गेल्या आणि तिथं त्यांनी हे सांगितलं. सासूबाईंनी सांगितलं म्हणजे काय, ते परतूरच्या बायकांना विचारा.

हळूहळू माणसं यायला लागली. आधी गल्लीतले एक मास्तर आले. त्यांना दुसऱ्या शाळेनं पाठवलेला निकाल उघडत नव्हता. मग एक वकील आले. जेवणाच्या सुट्टीत मी बघून द्यायची. दहातल्या आठ वेळा गोष्ट सोपी असायची. पाठवणाऱ्याला फोन करून "याची पीडीएफ करून पाठवा" एवढं म्हटलं की काम भागायचं. साहेब पहिल्यांदा कुरकुरले. "मॅडम, आपलं बियाण्याचं ऑफिस आहे का दवाखाना?" पण कोणी आलं की खुर्ची तेच पुढं सरकवायचे.

एकदा आमच्याखालचे खताचे दुकानदार तणतणत वर आले. त्यांचं कुणीतरी पाठवलेलं बिल मेलनं अडवलं होतं.

"आत्ताच्या आत्ता सोडवा मॅडम. बिल आहे, उद्या माणूस दारात उभा राहीन."

मी पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं. कुठल्या तरी परदेशी वाटणाऱ्या नावाची कंपनी. "यांच्याकडून तुम्ही काय माल घेतला?"

"यांच्याकडून? कायच न्हाई."

"मग बिल कशाचं?"

दुकानदारांनी पडद्यावरचं नाव परत एकदा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या अडकलेलंच."

अशा रीतीनं माझं नाव होत गेलं, आणि मग एका बाजाराच्या दिवशी आबा आले.

जिन्यावर काठीचा आवाज आला. दाराबाहेर वहाणा काढून एक म्हातारा आत आला. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं, चेहरा उन्हानं रापलेला पण डोळे हसरे. त्यानं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"फाईल सोडवणाऱ्या बाई कुठंशी बसतेत?"

"मीच ती," मी म्हणाले. "बसा आबा. कोणती फाईल?"

"नातीची. अडकली म्हणून राह्यली."

"कोणत्या ऑफिसात?"

"तेच तं कळंना. सकाळी तहसीलला गेल्तो. ते म्हणले, आमच्याकडं असली कोणती फाईल न्हाई. मंग पंचायत समितीत गेल्तो, तिथं साहेब जाग्यावर न्हाई. मंग देवळापाशी एका बाईनं सांगितलं, मोंढ्यात एक बाई हाय, कसलीबी अडकलेली फाईल सोडवती."

साहेब हसायला लागले. त्यांचं हसू त्यांच्या आवाजासारखंच होतं, खालच्या दुकानात ऐकू गेलं असणार. "आबा, तुमचा घोटाळा झाला. या मॅडम कंप्युटरातल्या फाईली सोडवतात. सरकारी ऑफिसातली अडकलेली फाईल सोडवायची तं ब्रह्मदेवाकडं जावं लागंन."

"असं व्हय," आबा म्हणाले. त्यांना राग आला नाही. ते काठीवर भार देऊन उठायला लागले. मला ते तसं उठणं बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आबा, गाव कोणतं?"

"कुंभार पिंपळगाव. गावात न्हाई, वस्तीवर ऱ्हातो."

"माझं माहेर कुंभार पिंपळगावच आहे."

आबा परत खाली बसले. कुणाची, कोणत्या आळीची, सगळं विचारून झालं. माझ्या वडिलांचं नाव ऐकल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "त्याच्या रानात आमची मेंढरं बसायची की! वढ्याकडच्या पट्टीत. मंग तू तं आमची लेक झाली."

मला एकदम आठवलं. लहान असताना उन्हाळ्यात आमच्या रानात मेंढरं बसवायचे, लेंड्यांचं खत जमिनीला मिळावं म्हणून. सकाळी उठून शेतावर गेलं की सगळी पट्टी पांढरी-काळी दिसायची आणि कडेला तीन दगडांवर कुणाचा तरी चहा उकळत असायचा. त्या चहातला एक कप मलाही मिळायचा. तो देणारे हेच की दुसरं कोणी, ते काही आठवलं नाही. आबा म्हणाले, आता मेंढरं थोडीच राहिली, पोरगा शेती करतो, आणि नात बारावी होऊन नर्सिंगला लागली.

"लागली म्हंजी, नंबर लागला. संभाजीनगरला. पण कागद धाडले तं फाईल अडकली. उद्या सांजच्याला शेवटचा टाइम हाय. पोरगी जेवंना."

"फाईल अडकली असं कोण म्हणालं?"

"तीच म्हणली. फाईल बलाक झाली, बलाक झाली, करून रडून राह्यली."

'ब्लॉक' हा शब्द ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. साहेबांनीही मान वर केली.

"आबा, नातीला फोन लावा."

त्यांनी घोंगड्याच्या आतून बटनांचा छोटा फोन काढला आणि माझ्याकडं दिला. मी नंबर लावून स्पीकर सुरू केला. पलीकडून पोरीचा आवाज आला, "आबा, कुठं गेले तुम्ही? आजी सगळ्या वस्तीवर हुडकून राह्यली."

"मी परतूरला हाय. बाईशी बोल."

मी माझी ओळख दिली आणि विचारलं, कागद कसे पाठवले. पोरगी हुशार होती, नीट सांगत होती. गावातल्या सेवा केंद्रातून सगळे कागद स्कॅन करून संस्थेला मेल केलं होतं. केंद्रवाल्यानं सगळ्या कागदांचं मिळून एकच गाठोडं बांधून दिलं होतं, सोपं पडतं म्हणून. ते पाठवलं की थोड्या वेळानं इंग्रजीत एक मेल परत यायचं. तिनं परत परत पाठवलं, ते परत परत आलं.

"त्या परत आलेल्या मेलमध्ये काय लिहिलंय ते वाच बरं."

ती एकेक शब्द थांबत थांबत वाचायला लागली. अर्ध्यातच साहेब उठून माझ्या टेबलापाशी आले. या प्रकारची अटॅचमेंट आम्ही स्वीकारत नाही, ती अडवली आहे, असं ते वाक्य होतं. शब्द थोडे वेगळे, पण आमच्या करड्या पट्टीचंच भावंड.

"ताई, मी आबांना एवढंच सांगितलं की फाईल ब्लॉक झाली," पोरगी म्हणाली. "ते तहसीलला गेल्ते का काय?"

"पंचायत समितीलासुद्धा."

ती रडवेली होती, तरी खुदकन हसली. साहेबांनी मात्र आता हसणं थांबवलं होतं. "आबा," ते म्हणाले, "माझंच चुकलं. फाईल आमच्याच खात्यातली निघाली."

तिला मी ते मेल माझ्याकडं पाठवायला सांगितलं. पाच मिनिटांत आलं. क्लिप दिसली, आणि वर तीच करडी पट्टी. गाठोड्याचं शेपूट आपण होऊन उलगडणाऱ्या फाईलचं होतं, म्हणून माझ्याही वॉचमननं ते दारातच अडवलं होतं. सेवा केंद्रवाल्याला फोन लावला तर तो भावकीतल्या लग्नाला गेलेला, केंद्राला कुलूप. मग मी हेड ऑफिसच्या त्या माणसाला फोन केला आणि म्हटलं, एवढी एक फाईल सोडून द्या.

"ही कंपनीच्या कामाची आहे का मॅडम?"

"नाही."

"मग मला नाही सोडता येणार. नियम आहे." मग त्यानंच वाट सुचवली. "आणि मी सोडली तरी ती तुमच्यापुरती सुटेल. त्या संस्थेच्या दारावर त्यांचा वॉचमन आहेच. त्यापेक्षा गाठोडं विसरा. मूळ कागद हाताशी असतील तर नव्यानं स्कॅन करा, एकेका कागदाची वेगळी पीडीएफ करा. पीडीएफला कोणी अडवत नाही."

"बराबर बोलला पठ्ठ्या," साहेब म्हणाले आणि आबांच्या चालूच असलेल्या फोनकडं तोंड करून ओरडले, "बाई, मूळ कागद घेऊन जल्दी परतूरला ये! जी गाडी दिसंन तिच्यात बस!"

पोरगी येईपर्यंत आबा आमच्याकडंच थांबले. साहेबांनी डबा सोडला आणि त्यांना आपल्यासोबत जेवायला बसवलं. आबांनी मिरची चावली आणि लगेच दुसरी उचलली. साहेब जिंकल्यासारखे माझ्याकडं बघत होते. जेवता जेवता आबांनी विचारलं, की ही फाईल नेमकं कोण अडवतं. मी त्यांना वॉचमनची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हंजी आमच्या कुत्र्यागत. पाव्हण्यावर बी भुकतं. पण मी त्याला मारीत न्हाई, लांडगा त्याच्यामुळंच येत न्हाई." त्यावर साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. मेल प्रोग्रामबद्दल त्यांचं मत तिथून पुढं थोडं निवळलं असं मला वाटतं, कारण त्यानंतर त्यांनी त्याला शिव्या दिलेल्या मी ऐकल्या नाहीत.

दुपार कलताना पोरगी आली. केसांवर धूळ, ओढणी कमरेला खोचलेली, आणि कागदांची पिशवी छातीशी दोन्ही हातांनी धरलेली. जीपमध्ये जागा नव्हती म्हणून निम्म्या रस्त्यानं ती टेम्पोत मालाच्या पोत्यावर बसून आली होती. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "ताई, आधी कागद करू."

आमचा स्कॅनर म्हातारा होता. कागद आत घ्यायच्या आधी तो घरघर करून विचार करायचा. दाखला, मार्कशीट, रहिवासी, एकेक कागद मी ठेवत गेले आणि साहेब फाईलींना नावं देत गेले. हे काम त्यांनी माझ्याकडून मागूनच घेतलं. एका बोटानं टाइप करत होते आणि प्रत्येक नावानंतर शेपूट तपासत होते. "पीडीएफ. बराबर. पुढची द्या." आबा पायरीशी उभे राहून हे सगळं असं बघत होते, जसं कुणी लग्नात सप्तपदी बघतं.

सगळं जोडून मी 'पाठवा' दाबलं. मेल गेलं नाही. एकूण वजन जास्त आहे, असा निरोप आला.

"आता शेपूट बराबर तं वजन जास्त!" साहेब म्हणाले. "ह्याला काय वरमाय म्हणावं का काय?"

आम्ही कागदांचे दोन भाग केले आणि दोन मेलं पाठवली. मग चौघंही पडद्यासमोर बसून राहिलो. मागच्या वेळी परतीचं मेल थोड्या वेळात यायचं, म्हणून पोरगी ओठ आवळून बसली होती. काही आलं नाही. आणखी थोडा वेळ गेला, तरी नाही. पण संस्थेकडूनही काही उत्तर नव्हतं. साहेबांना धीर निघेना. त्यांनी संस्थेचा नंबर फिरवला, घसा साफ केला आणि आपल्या सगळ्यात साहेबी आवाजात विचारलं, कागद मिळाले का. तिकडं एक बाई होत्या.

"हो, आत्ताच आले. थांबा हं, बघते." कागद उघडण्याइतका वेळ गेला. "सगळे आहेत. पण बारावीची मार्कशीट उलटी आलीय."

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "उलटी आली म्हणून राह्यल्या."

घाईत कागद मीच उलटा ठेवला होता. साहेब परत फोनवर म्हणाले, "मॅडम, उलटी असली तरी मार्क तेच आहेत."

"मार्क चांगले आहेत सर, मान वाकडी करून वाचले मी," त्या बाई हसून म्हणाल्या. "पण सरळ पाठवा. आता मोठ्या मॅडम बघतील, त्यांची मान आधीच दुखते."

सरळ करून पाठवली. ऑफिस बंद व्हायच्या सुमाराला एका ओळीचं उत्तर आलं, कागदपत्रं मिळाली, प्रवेश पक्का, अमुक तारखेला हजर व्हावे. पोरीनं ते आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, मग आबांसाठी परत एकदा सावकाश वाचलं.

"सुटली?" आबांनी मला विचारलं.

"सुटली आबा."

त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्या. तो हात जड आणि खरखरीत होता. मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसत ते साहेबांना म्हणाले, "खर्चा काय झाला साहेब?"

"गप बसा आबा," साहेब म्हणाले. "माहेरच्या माणसाकडून खर्चा घेतला तं मॅडम उद्यापासून कामावर यायच्या न्हाईत."

त्या संध्याकाळी मी घरी चालत गेले, रिक्षा केली नाही. रोजच्याच रस्त्यानं, रोजचीच दुकानं. नोकरीत मी दिवसभर माहिती भरत असते, ती कुठं जाते, कोण वाचतं, मला कधी कळत नाही. त्या दिवशी मी जे पाठवलं ते कुणाला तरी पोचलं होतं, आणि पोचलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी गेल्यावर सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग! मी उगीच सांगते का बायांना?" देवळापाशी आबांना भेटलेली बाई कोण होती, ते मी मग विचारलंच नाही.

पोरीच्या निघण्याच्या दिवशी तिचा फोन आला, सकाळच्या पॅसेंजरनं जातेय, स्टेशनवर येता का. मी ऑफिसला जाण्याआधी गेले. आबा होते, आजी होती, एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, आणि आजीनं बांधून दिलेली भाकरी-ठेच्याची मोठी पुरचुंडी. आजी छोटीशी, तुरतुर चालणारी. नातीला सारख्या सूचना देत होती, पाणी उकळून पी, रात्री केस मोकळे सोडू नको. पोरगी सगळ्याला "हो" म्हणत होती आणि डोळे रुळांकडं.

गाडी आली. गर्दी होती. आबा पेटी घेऊन आधी चढले, खिडकीची जागा धरली, पेटी बाकाखाली सरकवली. ती नीट बसली नाही म्हणून परत काढली, परत सरकवली. पोरगी चढली. आजी खिडकीतून पुरचुंडी देत होती, मी वळकटी देत होते. आबा शेजारच्या प्रवाशाला सांगत होते, ही माझी नात, नर्स होणार हाय, जरा ध्यान ठेवा. तेवढ्यात गाडी हलली.

"आबा, उतरा!" पोरगी ओरडली. आबा दाराकडं निघाले, पण दारात पोत्यांवर पोती आणि माणसांवर माणसं. गाडीनं वेग घेतला. शेवटचं आम्हाला दिसलं ते दाराच्या गर्दीतून वर आलेलं लाल मुंडासं, आणि खिडकीत तोंडावर हात दाबून हसणारी पोरगी.

"अगं बया, म्हातारा गेला की!" आजी म्हणाली.

आम्ही दोघी रिकाम्या फलाटावर उभ्या राहिलो. थोड्या वेळानं माझा फोन वाजला. पोरीच्या फोनवरून आबा बोलत होते, मागं गाडीचा खडखडाट. "काळजी करू नगा. रांजणीला उतरतो. तिथून आपल्याकडं जायला जीप भेटती. म्हातारीला म्हणावं, तू एसटीनं ये."

मी आजीला निरोप सांगितला. तिनं कमरेवर हात ठेवले. "जलमभर म्हणलं, मला एकडाव रेल्वेत बशीव. न्हाई बशीवलं. आन आज आपला आपणच बसून गेला!" एवढं बोलून ती हसायला लागली, पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत. तिचं बघून मलाही हसू आवरेना. हमालसुद्धा वळून बघायला लागला.

हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले, लुगडं नीट केलं आणि स्टेशनबाहेरच्या रस्त्याकडं पाहिलं.

"चल लेकी," ती म्हणाली. "एसटीला टाइम असंल अजून. हितं चहा कुठं चांगला भेटतो?"